मदत हवी आहे: एफटीसी 'डीकोड'साठी बॉल इनटेक, बॉल आत येण्याऐवजी पुढे ढकलला जातोय

चक्रधर_टीम
नमस्कार मंडळी. एफटीसी (फर्स्ट टेक चॅलेंज) या विद्यार्थ्यांच्या रोबोट स्पर्धेच्या २०२५-२६ च्या 'डीकोड' गेमसाठी इनटेकचा, म्हणजे बॉल आत ओढणाऱ्या यंत्रणेचा, प्रोटोटाइप चालू आहे. ५ इंच (१२७ मिमी) व्यासाचे, छिद्रं असलेले प्लास्टिकचे बॉल फोमच्या टाइल्सवरून आत घ्यायचे आहेत.

सध्याची मांडणी: एकच आडवा रोलर, त्यावर ७२ मिमीची मऊ रबरी चाकं, ३१२ आरपीएमची मोटर थेट शाफ्टला. ड्राइव्हला ९६ मिमीची मेकॅनम चाकं (रोबोटला आडवंही सरकू देणारी), मोटरी तिथेही ३१२ च्याच. रोलरचा तळ टाइलपासून १०२ मिमीवर, म्हणजे कॉम्प्रेशन (बॉलच्या माथ्यापेक्षा रोलरचा तळ जितका खाली, तितकं दाबणं) २५ मिमी. आत अ‍ॅक्रिलिकचा रॅम्प.

रोबोट उभा असताना बॉल कसाबसा आत जातो. वेगात पुढे गेलो की बॉल रोलरला टेकतो, थरथरतो आणि तसाच पुढे ढकलला जातो. आत गेलेला रॅम्पवर जागच्या जागी गरगरत राहतो. कॉम्प्रेशन वाढवावं का? की मोटर बदलावी?

मिमी_मोजणारा
कॉम्प्रेशन वाढवू नका, कमी करा. आणि मोटर बदला. दोन्ही लागेल.

आधी वेग. ३१२ आरपीएमला ७२ मिमी रोलरच्या कडेचा वेग सेकंदाला १.१८ मीटर. त्याच आरपीएमला ९६ मिमीच्या चाकावर रोबोट १.५७ मीटरने धावतो. म्हणजे रोलरचा तळ तुमच्या हिशेबाने मागे फिरत असला, तरी मैदानाच्या हिशेबाने ०.४ मीटरने पुढेच सरकतोय. बॉल पुढे जाणारच. कडेचा वेग रोबोटच्या किमान दुप्पट ठेवा. ११५० आरपीएमची मोटर लावलीत तर ४.३ मीटर मिळेल. टॉर्क साधारण एक तृतीयांशावर येतो, पण कॉम्प्रेशन घटल्यावर तेवढा पुरतो.

आता भूमिती, आणि खरी गोम इथेच आहे. २५ मिमी कॉम्प्रेशनला रोलर बॉलला पहिल्यांदा शिवतो तो बॉलच्या माथ्यावर नाही, उभ्या रेषेपासून सुमारे ४१ अंश पुढे, कपाळावर. तिथून बॉल आत ओढायला रोलरपाशी आणि टाइलपाशी, दोन्हीकडे घर्षणांक ०.३८ च्या आसपास लागतो. कॉम्प्रेशन १२ मिमी केलं की कोन २८ अंशांवर येतो आणि ०.२५ घर्षणांकात काम भागतं. 'जास्त दाबलं की जास्त पकड' हे फोमच्या बॉलला थोडंफार चालतं. हा बॉल कडक आहे, दबणं सगळं रोलरच्या वाट्याला येतं.

रॅम्पवर गरगरण्याचं कारणही हेच. वरून रोलर ओढतोय, पण खाली अ‍ॅक्रिलिक गुळगुळीत, त्यामुळे बॉल लोळत नाही. रॅम्पवर ग्रिप टेपच्या दोन उभ्या पट्ट्या लावा. लोळणारा बॉल रोलरच्या कडेच्या निम्म्याच वेगाने पुढे सरकतो, हे गृहीत धरून पुढचं टायमिंग बसवा.

प्लायवुड_आणि_ड्रिल
वरचं सगळं पटलं, पण एवढ्यात अ‍ॅल्युमिनियम कापू नका. ६ मिमी प्लायच्या दोन बाजूपट्ट्या करा. शाफ्टची छिद्रं टाइलपासून १५७, १५३, १४९ आणि १४५ मिमी उंचीवर. ७२ मिमी रोलरला यातून ६, १०, १४, १८ मिमी कॉम्प्रेशन मिळतं. शाफ्ट ८ मिमीचा असेल तर छिद्रं एकाखाली एक पाडू नका, एकमेकांत मिसळतील. प्रत्येक छिद्र २० मिमी बाजूला सरकवून तिरकी ओळ करा.

रबरी चाकांऐवजी एकदा ट्यूबचा रोलर करून पाहा. ३२ मिमी बाहेरच्या व्यासाचा पीव्हीसी पाइप आणि ८ ते १० मिमीची लॅटेक्स ट्यूब, ७२ मिमीचे तुकडे. छिद्र ट्यूबपेक्षा १ ते २ मिमी लहान पाडा. ट्यूबचं टोक दोऱ्याने बांधून ताणा, ताणल्यावर ती बारीक होते, आरपार ओढून घ्या आणि सोडा. फुगून आपोआप घट्ट बसते. दोन्ही बाजूंना २० मिमी बोटं राहतील. २५ मिमी अंतराने आणि दर वेळी ९० अंश फिरवून लावा. छिद्राच्या कडा पॉलिश पेपरने मारायला विसरू नका. ट्यूब तुटते ती टोकाला नाही, याच कडेवर चिरत जाते.

मोटरऐवजी आधी बॅटरीवरचं ड्रिल जोडा आणि फ्रेम हाताने ढकला. चाचणी फोमवरच घ्या. लादीवर बॉल घसरतो आणि सगळे आकडे चुकतात. प्रत्येक उंचीला २० बॉल: मोकळा, भिंतीला टेकलेला, कोपऱ्यातला, आणि दोन शेजारी-शेजारी. मोबाइलवर स्लो मोशन घ्या, वेगात नेमकं काय होतं ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

चक्रधर_टीम
खूप आभार. दोन बॉल एकदम आले तर तोंडात अडकतात. शिवाय एका वेळी तीनच बॉल बाळगता येतात, चौथा कसा थांबवायचा?

मिमी_मोजणारा
दोन बॉल सारख्याच ओढीने आले की कमान धरतात. ती मोडायची तर ओढ विषम हवी: तोंडाची एक बाजू सरळ आणि दुसरी तिरकी ठेवा, तिरक्या बाजूकडची ट्यूबची बोटं ५ मिमी आखूड करा. आतल्या बाजूने बोल्टची डोकी वर राहू देऊ नका, बॉलची छिद्रं त्यांच्यात अडकतात. काउंटरसंक (डोकं आत बसणारे) स्क्रू वापरा.

दुसऱ्या रोलरचा शाफ्ट पहिल्याच्या शाफ्टपासून ८० मिमीवर घ्या. १२ मिमी कॉम्प्रेशनला एका रोलरची पकड साधारण ९४ मिमी सरकेपर्यंतच टिकते. त्याहून लांब ठेवलात तर मधे बॉल कुणाच्याच हातात नसतो. रांगेत बॉल एकमेकांना चिकटू देऊ नका. दोन्ही एकाच दिशेने लोळत असले तरी टेकतात तिथे एकाचा पृष्ठभाग वर जातो आणि दुसऱ्याचा खाली, त्यामुळे एकमेकांना ब्रेक लावतात.

चौथ्यासाठी: तिसऱ्या जागी डिस्टन्स सेन्सर लावा. बॉल छिद्रांचा असल्याने एखादं रीडिंग आरपार जातं, म्हणून सलग तीन रीडिंग जुळली तरच 'भरलं' धरा आणि पहिला रोलर उलटा फिरवा. एन्कोडरने (मोटरचं फिरणं मोजणारा सेन्सर) दाखवलेला वेग ०.३ सेकंद शून्याजवळ राहिला तरीही उलटाच फिरवा. जाम झालेली मोटर तशीच दाबून धरली तर तापते आणि बॅटरीचा व्होल्टेज पाडते, ड्राइव्हही मंदावतो.

प्लायवुड_आणि_ड्रिल
चारही उंचींचे आकडे इथेच टाका, भिंतीजवळचे वेगळे लिहा. ते पाहून रोलर बिजागरीवर घ्यायचा की पक्का बसवायचा ते सांगता येईल.