पैनगंगेपलीकडच्या तुरुंगात आरोपी, इकडे केस: 60 दिवस कधीपासून मोजायचे?

पैनगंगाकाठ (केळापूर तालुका)

नमस्कार मंडळी. आमच्या गावातला एक सालगडी चार महिन्यांपासून तेलंगणातल्या तुरुंगात आहे, तिकडच्याच चोरीच्या गुन्ह्यात. इकडे आपल्या तालुक्यातही त्याच्यावर विहिरीवरचा पाणबुडी पंप आणि केबल चोरल्याचा गुन्हा दाखल आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम 303(2). इकडच्या कोर्टाने दोनदा प्रॉडक्शन वॉरंट (तुरुंगातल्या माणसाला कोर्टात हजर करण्याचा आदेश) काढलं, पण दोन्ही तारखांना त्याला आणलं नाही. दोषारोपपत्र अजून आलेलं नाही. त्याच्या बायकोला कोणी सांगितलं की 60 दिवस उलटले, आता जामीन हक्काचा. दुसऱ्या एकाने मोबाइलवर दाखवलं की परराज्यातल्या कैद्याचा खटला 180 दिवसांत चालवावाच लागतो. यातलं खरं काय? आणि अर्ज नेमका कुठे करायचा?

काळा_कोट

180 दिवसांचं आधी बाजूला काढू. तो अमेरिकेतल्या राज्यांनी आपसात केलेल्या कराराचा नियम आहे. एका राज्यात शिक्षा भोगणाऱ्या कैद्याने दुसऱ्या राज्यातली केस चालवण्याची लेखी मागणी केली, की ती तिकडच्या सरकारी वकिलाला आणि कोर्टाला पोचल्यापासून 180 दिवस. राज्याने स्वतःहून कैदी मागवला, तर तो पोचल्यापासून 120. आपल्याकडे तसा करार नाही. जलद खटल्याचा हक्क घटनेच्या कलम 21 मधून येतो, 1979 च्या हुसैनारा खातून प्रकरणापासून तो पक्का आहे. पण खटला अमुक दिवसांत संपलाच पाहिजे अशी सरसकट मुदत कोर्टांनी घालून देऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी 2002 मध्ये पी. रामचंद्र राव प्रकरणात सांगितलं.

आता 60 दिवस, म्हणजे तेवढ्यात दोषारोपपत्र आलं नाही तर जामीन हक्काचा, हा नियम. बहुतेक घरं इथेच फसतात. माणूस तुरुंगात आहे, म्हणून तो आपल्या केसमध्येही कोठडीत आहे असं होत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 187(3) मधले दिवस सुरू होतात ते या केसमध्ये मॅजिस्ट्रेटने पहिला रिमांड (कोठडीत ठेवण्याचा आदेश) दिला त्या दिवसापासून. प्रॉडक्शन वॉरंट निघालं म्हणजे रिमांड झाला नाही. 2007 च्या दिनेश दालमिया प्रकरणात नेमकं हेच घडलं होतं: आरोपी चेन्नईत कोठडीत, केस कोलकात्याची, आणि दिवस मोजले गेले ते कोलकात्याच्या केसमध्ये प्रत्यक्ष ताब्यात घेतल्यापासून. तुमच्या माणसाचा इकडचा आकडा आज शून्य आहे.

रिमांड झाल्यावर मोजणी अशी. समजा 4 मार्चला पहिला रिमांड झाला. तो दिवस धरायचा. मार्चचे 28, एप्रिलचे 30, म्हणजे 2 मे हा साठावा दिवस. 3 मेच्या सकाळी दोषारोपपत्र दाखल नसेल, तर कोर्ट उघडताच अर्ज द्यायचा, जामीन भरायची तयारी आहे असं त्यात लिहायचं आणि अर्जावर तारीख-वेळेचा शिक्का घ्यायचा. दुपारी दोषारोपपत्र आलं तरी सकाळचा हक्क जात नाही. पण अर्ज देण्याआधीच दोषारोपपत्र आलं, तर हक्क गेला. आधीही देऊ नका, मुदतपूर्व म्हणून फेटाळतील.

विधी_सेवक_यवतमाळ

वॉरंट का परत जातं त्याबद्दल. पहिलं म्हणजे वॉरंटावरचं नाव. आपल्या एफआयआरमध्ये नाव एका तऱ्हेने असतं, तिकडच्या तुरुंगाच्या रजिस्टरमध्ये आडनाव पुढे येतं किंवा वडिलांचं नावच नसतं. म्हणून आधी तुरुंगातून कस्टडी सर्टिफिकेट मागवा आणि त्यावरचं नाव, कैदी क्रमांक, तिकडचा गुन्हा क्रमांक, सगळं जसंच्या तसं आपल्या अर्जात उतरवा. वॉरंट फक्त मराठीत असेल तर नदीपलीकडे ते बाजूला पडून राहण्याचा धोका आहे. इंग्रजीत काढण्याची विनंती करा.

दुसरं, एस्कॉर्ट. कोणाच्या पोलिसांनी आणायचं हे आदेशात स्पष्ट नसलं की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. अर्जात मागा: वॉरंटाची प्रत तुरुंग अधीक्षकांना ई-मेलने, तपास अधिकाऱ्याला हातोहात, आणि पुढच्या तारखेला अहवाल. तारीखही जवळची नको, निदान दोन-तीन आठवड्यांची हवी.

तिसरं, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 304. कैदी आजारी असेल किंवा तिकडे रिमांडवर असेल, तर अधीक्षक त्याला न पाठवता कारण कोर्टाला लेखी कळवतात. ते उत्तर आलंय का ते रोजनाम्यात (कोर्टाच्या तारीखवार नोंदीत) पाहा, नसेल तर मागवायला लावा. नुसत्या "आरोपी गैरहजर" शेऱ्यावर थांबू नका, कारण हाच शेरा पुढे "फरार" होतो आणि अजामीनपात्र वॉरंट निघतं. आरोपी अमुक तुरुंगात आहे असा साधा अर्ज आजच रेकॉर्डवर ठेवा.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर कोठडीतल्या माणसाला विधी सेवा कायद्याच्या कलम 12 खाली मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. तालुका विधी सेवा समितीत जा, किंवा 15100 वर फोन करा.

पैनगंगाकाठ (केळापूर तालुका)

धन्यवाद भाऊ. म्हणजे आधी त्याला इकडे आणायचंच का? तिकडचा जामीन पुढच्या आठवड्यात होईल म्हणतात. जामीनदार तिथलाच हवा असंही ऐकलं.

काळा_कोट

आणायलाच हवं असं नाही, आणि तुमच्या बाबतीत दुसरा रस्ता बरा दिसतो. इकडच्या केसमध्ये अटक झालेली नाही तोवर त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 482 खाली सत्र न्यायालयात अटकपूर्व जामीन मागता येतो, माणूस दुसऱ्या केसमध्ये तुरुंगात असला तरी. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये धनराज आसवानी प्रकरणात हे मोकळं केलं. इकडे रिमांड झाला की हे दार बंद. 303(2) ला कमाल तीन वर्षं शिक्षा आहे, अशा गुन्ह्यात अटक गरजेची का हे पोलिसांनाच सांगावं लागतं. म्हणून तिकडची सुटका होण्याआधी हा अर्ज लावा, नाहीतर तुरुंगाच्या दारातूनच त्याला इकडच्या केसमध्ये उचलतील.

अटक झालीच तर कलम 479 वर विसंबू नका. आधी कधीच कुठल्या गुन्ह्यात दोषी न ठरलेल्याला कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश इतकी कोठडी झाल्यावर सुटका, हे खरं. पण त्याच कलमाच्या पोटकलम 2 प्रमाणे एकाहून जास्त केसेस चालू असतील तर तो लाभ मिळत नाही. शिक्षा झाल्यावर कलम 468 ची वजावटसुद्धा त्या-त्या केसमधल्या कोठडीची असते. त्यामुळे चार महिने तिकडे काढले ते इकडे आपोआप धरले जाणार नाहीत.

विधी_सेवक_यवतमाळ

जामीनदाराचं: जामीनदार दुसऱ्या जिल्ह्यातला आहे म्हणून नाकारणं चूक, हे 1978 च्या मोतीराम प्रकरणात ठरलेलं आहे. 31 जानेवारी 2023 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांतही स्थानिक जामीनदाराच्या अटीने सुटका अडते याची दखल आहे. तरी सोबत जामीनदाराचं आधार, ताजा सातबारा आणि तहसीलची सॉल्व्हन्सी (ऐपतीचा दाखला) न्या. सातबाऱ्याचं इंग्रजी भाषांतर नोटरी करून ठेवा, तिथे मराठी वाचणारा मिळेलच असं नाही. त्याच निर्देशांप्रमाणे आदेशानंतर सात दिवसांत माणूस सुटला नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं असतं. आठव्या दिवशी तिकडच्या प्राधिकरणात तुम्हीच फोन करून विचारा.