पॉइंट काढायची घाई कशाला? आधी डिस्ट्रिब्युटर कोणता ते तर बघा

काटकोन:
जुन्या गाडीची तक्रार कुणी मांडली की हल्ली सल्ला ठरलेला: डिस्ट्रिब्युटरमधले (प्रत्येक सिलिंडरला वेळेवर ठिणगी वाटणारा भाग) पॉइंट-कंडेन्सर, म्हणजे कॉइलचा प्रवाह तोडून ठिणगी पाडणारा यांत्रिक स्विच आणि त्याचा कपॅसिटर, काढा, त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल टाका. माझ्या मते बऱ्याचदा हा खर्च भलत्याच जागी होतो.

लुकास या ब्रिटिश कंपनीच्या डिस्ट्रिब्युटरवर मॉडेल (२५डी४, ४५डी४ वगैरे), पाच आकडी नंबर आणि तारीख ठोकलेली असते. २५६९ म्हणजे १९६९ चा २५वा आठवडा. खरी ओळख त्या पाच आकडी नंबरात. २५डी४ कितीतरी इंजिनांवर आला. बाहेरून सगळे सारखे, पण वेग वाढला की ठिणगी आधी आणणारी (अ‍ॅडव्हान्स) आतली वजनं आणि स्प्रिंगा वेगळ्या. बेस प्लेट काढली की कॅमखालच्या पट्टीवर आकडा दिसतो. १० असेल तर वजनांचा जास्तीत जास्त अ‍ॅडव्हान्स डिस्ट्रिब्युटरचे १० अंश, म्हणजे क्रँकचे २०. इंजिनाच्या व्हॅक्युमवर ठिणगी आधी आणणाऱ्या डबीवर ५-१३-१० असलं काही असतं: ५ इंच पाऱ्याला ओढायला सुरुवात, १३ ला पूर्ण, जास्तीत जास्त १० अंश.

मागच्या कुणा मालकाने दुसऱ्याच इंजिनाचा डिस्ट्रिब्युटर ठोकून दिला असेल, तर मॉड्यूल टाकून ठिणगी पडेल झकास, पण भलत्या वेळी.

ड्वेलमीटर:
नंबर वाचा, कोण नको म्हणतंय? पण पॉइंटची बाजू घेऊ नका. कॅमवर घासणारी पॉइंटची फायबरची टाच झिजते, गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग मागे सरकतं. आज ०.०१५ इंच लावा, काही महिन्यांनी पुन्हा फीलर गेज घेऊन बसा. त्यात नवे कंडेन्सर कधी दगा देतील याचा भरवसा नाही. मॉड्यूलमध्ये टाचही नाही, कंडेन्सरही नाही.

काटकोन:
डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट धरून आडवा हलवून बघितलात का कधी? त्याचं बुश (बेअरिंग) गेलं असेल तर कॅमच्या एका लोबवर (उंचवट्यावर) गॅप वेगळा, दुसऱ्यावर वेगळा. लोक पॉइंटला शिव्या घालतात, दोष बुशचा.

ड्वेलमीटर:
म्हणजे माझाच मुद्दा झाला! मॉड्यूलच्या चुंबक-सेन्सरला तेवढा प्ले पॉइंटइतका जाणवत नाही. बुश बदलून देणारा कारागीर मिळेपर्यंत गाडी चालते तरी.

काटकोन:
चालते, म्हणून बुश कधीच बदललं जात नाही.

हवाबंद:
आमच्या फोक्सवॅगन बीटलवाल्यांचं 'अपग्रेड' यात राहिलंच. बॉशचा ००९ डिस्ट्रिब्युटर! व्हॅक्युम नाही, नुसती वजनं. मूळ कार्बोरेटर तसाच ठेवून हा बसवला की पाय दाबताक्षणी गाडी अडखळते. मग लोक जेट बदलत बसतात. व्हॅक्युमवाला परत लावा, निम्मं दुखणं तिथेच जातं.

उलटा_अर्थ:
मॉड्यूल घेणाऱ्यांनी तीन गोष्टी बघाव्यात. गाडी पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला) असेल तर त्याच पोलॅरिटीचं मॉड्यूल. कॉइलचा रेझिस्टन्स मोजा: बॅलास्टवाली (वेगळा रेझिस्टर जोडलेली) साधारण दीड ओहम, बिनबॅलास्टची तीन. आणि इंजिन बंद ठेवून चावी चालू सोडू नका, काही साधी मॉड्यूल तेवढ्यानेच जळतात. चौथी गोष्ट फुकट सांगतो: रोटर, म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या कॅपखाली फिरून ठिणगी वाटणारा तुकडा. हल्लीच्या काही रोटरांत पितळी पट्टीच्या रिव्हेटमधून ठिणगी थेट शाफ्टला उतरते. गाडी गरम झाली की बंद, आणि बोल लावतो आपण मॉड्यूलला.

नवा_कोरा:
एवढा खल कशाला? १२३ या ब्रँडचा अख्खा इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटरच घ्या. निवडायला १६ कर्व्ह (कुठल्या वेगाला ठिणगी किती आधी, याचे आलेख), बुश नवं, पॉइंट नाहीत.

काटकोन:
आणि १६ पैकी कुठला कर्व्ह निवडणार? जुन्यावरचा नंबर वाचल्याशिवाय?

नवा_कोरा:
गाडीचं मॅन्युअल असतं की.

काटकोन:
मॅन्युअल मूळ इंजिनाचं. कार्बोरेटर बदललेला, कॉम्प्रेशन वाढवलेलं. त्यातल्या आकड्यावर डोळे मिटून कर्व्ह लावलात तर चढावर नॉकिंग ऐकाल.

ड्वेलमीटर:
नॉकिंग तर चुकीच्या कर्व्हच्या पॉइंटवालीलाही होईल. हा वाद कर्व्हचा आहे. पॉइंट ठेवावेत याचं एकही कारण अजून आलेलं नाही.

उलटा_अर्थ:
एक आहे. पॉइंट मरायच्या आधी कुरकुरतात आणि रस्त्याकडेला घासून साफ केले की घरापर्यंत आणतात. मॉड्यूल न सांगता जातं. मी मॉड्यूल वापरतो, पण जुनी बेस प्लेट पॉइंट-कंडेन्सरसकट, गॅप लावून, डिकीत असते.