मदत हवी आहे: वाट आणि आयुष्य यांवरची जपानी गाणी

नमस्कार मंडळी. पुण्यात आमच्या जपानीच्या वर्गाचा छोटा कार्यक्रम आहे. विषय ठरलाय ‘वाट’. समूहगान बसवायचंय, साथीला फक्त पेटी-तबला. गाणारे सगळे हौशी, त्यामुळे झेपेल असंच हवं.

पहिली पसंती मिसोरा हिबारी यांचं ‘कावा नो नागारे नो यो नी’. १९८९ च्या जानेवारीत आलं आणि त्याच जूनमध्ये त्या गेल्या. नाव नदीच्या प्रवाहाचं, पण सुरुवात मात्र नकळत चालत आलेल्या अरुंद, लांबलचक वाटेची. अडचण अशी, की ध्रुवपदाला सूर एकदम वर चढतो आणि आमच्या पुरुषमंडळींची तिथे दांडी उडते. पट्टी कोणती धरावी?

दुसरं क्यू साकामोतो यांचं ‘उए ओ मुइते आरुको’ (१९६१). डोळ्यांतलं पाणी सांडू नये म्हणून वर बघत चालणारा माणूस! सुरुवातीचे स्वर तर थेट भूपाचे, पेटीवर लगेच बसले. पुढे मध्यम येतो तिथे गाडी अडते. कुणाकडे सारेगममध्ये लिहिलेली स्वरलिपी आहे का?

आणखी गाणी सुचवा, शक्यतो १९६० ते ९० मधली. एन्का (जपानी भावगीतांसारखा प्रकार) चालेल, पण त्यातल्या कोबुशीच्या, म्हणजे गळ्यातून स्वर हलवण्याच्या, मुरक्या कमी असाव्यात. त्या आम्ही घेतल्या की नाट्यगीत वाटतं. शब्द देवनागरीत कुणी लिहून ठेवले असतील तर फारच उत्तम, कांजी सगळ्यांना येत नाही.