वाईत अजून बरंच आहे

कुणीतरी लिहिलंय, की वाईत ढोल्या गणपती आणि शूटिंगच्या जागा बघितल्या की गाव संपलं. मला हे अजिबात पटलं नाही.

ढोल्या गणपतीलाच पुन्हा जा, पण दर्शन झाल्यावर देवळाच्या मागच्या बाजूला या. १७६२ साली सरदार रास्त्यांनी हे देऊळ अगदी नदीकाठी बांधलं. कृष्णेचा पूर थेट अंगावर येणार हे धरूनच मागची भिंत माशाच्या आकाराची, टोकदार केली. पाणी त्या टोकावर दुभंगतं आणि दोन्ही बाजूंनी निघून जातं. त्या गवंड्यांना नदी किती नीट कळली होती!

तीनेक किलोमीटरवर मेणवली. तिथे नाना फडणवीसांचा वाडा आहेच, पण घाटावरची मोठी घंटा चुकवू नका. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर तिथल्या चर्चमधून आलेली ती घंटा आहे.

आणि विश्वकोश कसा विसरलात? तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींमुळे मराठी विश्वकोशाचं काम मुंबई-पुण्यात न होता वाईत उभं राहिलं. पहिला खंड १९७६ मध्ये आला. एवढ्याशा गावातून अख्ख्या भाषेचा ज्ञानकोश निघाला, याचा मला फार अभिमान वाटतो.

जमलं तर कृष्णाबाईच्या, म्हणजे कृष्णा नदीच्या, उत्सवात या. एका घाटाचा झाला की दुसऱ्या घाटाचा, असा तो आळीआळीने चालतो आणि प्रत्येक घाटाची माणसं आपापला उत्सव मनापासून करतात.