मदत हवी आहे: कोरांटी म्हणून तीन झाडं आली, आईला हवी ती यातली कुठली?

कोलशेतकरीण

नमस्कार मंडळी,

ठाण्यात कोलशेत रोडला आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीलगत मातीचा एक लांबट पट्टा रिकामा पडलाय. तिथे ड्युरांटाचं कुंपण होतं, ते पाइपलाइनच्या खोदकामात गेलं. 'तुला झाडांची आवड आहे ना' म्हणत कमिटीने तो पट्टा माझ्या गळ्यात घातला. आईच्या कानावर गेलं आणि तिथल्या तिथे हुकूम सुटला: कोरांटी लाव. तिच्या माहेरी गुहागरकडे परसाच्या गडग्याला पिवळी कोरांटी असायची. मार्गशीर्षातल्या गुरुवारी पूजेला फुलं, उरतील त्यांची वेणी.

घोडबंदर रोडच्या एका नर्सरीत 'कोरांटी द्या' म्हटलं तर त्यांनी तीन कुंड्या समोर ठेवल्या. तिन्ही कोरांटीच म्हणाले.

एक पिवळ्या फुलांची. पानं अरुंद, गडद हिरवी, मधली शीर लालसर. पेऱ्यापेऱ्याला काट्यांची जोडी, टोकं खाली वळलेली. फांदीच्या शेंड्याला तपकिरी-जांभळट खवल्यांचं कणीस आणि त्यातून एखादंच पिवळं फूल डोकावतं.

दुसरी जांभळी. फांदीला काटे नाहीत, पान हाताला लवदार लागतं. फुलाच्या बुडाशी दोन मोठी हिरवी आवरणं आहेत, त्यांची कड करवतीसारखी दातेरी आणि शिरांची जाळी स्पष्ट दिसते.

तिसरी लाल-केशरी फुलांची, जमिनीलगत पसरणारी.

आईने तिन्ही पाहिल्या आणि 'ह्यातली एकही नव्हे' म्हणून चष्मा काढून ठेवला. 'आमच्या कोरांटीला काटे होते, पण असे नव्हते.' मग कसे होते, तर ते काही तिला सांगता येईना. त्यात शेजारच्या काकू म्हणतात की खाडीकडेला काटेरी पानांचं, निळ्या फुलांचं झुडूप असतं तीच खरी कोरांटी. आता बोला!

तर आईची कोरांटी कुठली? मुलं सायकली फिरवतात त्या जागी काटेरी झुडूप लावावं का? आणि रोप कुठेच मिळालं नाही तर बी पेरून येतं का?

येऊरवाट

ताई, आईंना जी हवी आहे ती नर्सरीत सहसा नसतेच, कारण ती रानात फुकट उगवते.

तुमची पहिली पिवळी म्हणजे शास्त्रीय नावाने बार्लेरिया ल्युप्युलिना. मूळची मॉरिशसची. ते कणीस आणि लाल शीर ही तिची खूण. पिवळं फूल आणि काटे एवढ्यावर ती सर्रास कोरांटी म्हणून खपते. तिसरी लाल-केशरी बहुतेक बार्लेरिया रेपेन्स, ती आफ्रिकेतली. दोघीही कोरांटीच्या कुळातल्याच, पण आपल्या मातीतल्या नाहीत. जांभळी मात्र बार्लेरिया क्रिस्टाटा, म्हणजे आपली निळी कोरांटी. इंग्रजी बागकामवाले तिला फिलिपिन्सचं व्हायोलेट म्हणतात. ती ना फिलिपिन्सची ना व्हायोलेट, असो.

आईंची ती बार्लेरिया प्रायोनायटिस, काटेकोरांटी. हिचे काटे पानाच्या बगलेतून झुबक्याने निघतात, बारीक, सरळ, सुईसारखे टोकदार. पान रुंदट, टोकालाही बारीकसा काटा. फूल हातात घेऊन पाहा: पाचपैकी चार पाकळ्या एका अंगाला आणि पाचवी एकटी विरुद्ध बाजूला. रंग पिवळा, थोडा केशरीकडे झुकलेला. कणीस वगैरे काही नाही, फुलं पानांच्या बगलेत बसतात.

येऊरला रानाच्या कडेने दिसते. पण तिथून उपटून आणू नका हं. तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तिथली काडीही उचलता येत नाही. उद्यानाबाहेर जुन्या वाड्यांच्या बांधावर शोधा.

ऐरोलीची_खाडी

काकूंची 'कोरांटी' म्हणजे मारांडी. खारफुटीतलं झुडूप. पान जाड, चकचकीत, कडेला काटे; फूल निळं-जांभळं. ठाणे खाडीच्या कडेने भरपूर आहे. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात गेलात तर खारफुटीतल्या लाकडी वाटेवरून बघायला मिळेल. कुळ एकच, अडुळसा आणि अबोलीचंही तेच, म्हणून चेहरेपट्टी जुळते. पण ती खाऱ्या चिखलातली, सोसायटीच्या भिंतीपाशी काय करणार?

काकूंनी गोड्या पाण्याच्या डबक्याशी पाहिली असेल तर तो तालीमखाना असेल, कोळसुंदा म्हणतात तो. त्यालाही काटे आणि जांभळी फुलं. त्याची पानं लांबट, पेऱ्याभोवती गोल बसलेली असतात.

पोथीवाला

हा गोंधळ आजचा नाही. अमरकोशात झिंटीचे, म्हणजे कोरांटीचे, रंगावरून प्रकार पाडलेत: तांबडी ती कुरबक, पिवळी ती कुरंटक, निळी ती बाणा. कालिदासाने अलकानगरीतल्या स्त्रियांच्या केसांत माळलाय तो कुरबक. म्हणजे तुमच्या आजोळच्या वेणीला मेघदूताचा आधार आहे म्हणा!

बार्लेरिया हे नाव जाक बॅरेलिए या फ्रेंच डॉमिनिकन साधूचं (१६०६-१६७३). त्याच्या स्मरणार्थ ते शार्ल प्लुमिएने ठेवलं, आणि त्या प्लुमिएच्या नावाने आपल्याकडचा देवचाफा प्लुमेरिया झाला. वनस्पतींच्या शास्त्रीय नावांची पद्धत घालणाऱ्या लिनियसने १७५३ मध्ये बार्लेरिया पक्कं केलं. आपल्या सह्याद्रीतल्या एका जातीचं नाव बार्लेरिया गिबसोनाय, ते मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक अलेक्झांडर गिबसन यांच्यावरून. साधू, वनाधिकारी सगळे एका झुडपात.

कोलशेतकरीण

@पोथीवाला, आईला मेघदूत वाचून दाखवलं. 'त्याला सांग, रोप कुठे मिळतं ते लिही' असं उत्तर आलं. :)

@येऊरवाट, फार फार आभार. 'चार पाकळ्या एकीकडे, एक एकीकडे' एवढं वाचल्यावर ती म्हणाली, हीच! आणि काट्यांचा झुबकाही तिला लगेच आठवला. गडग्यावरची फुलं काढताना बोटांना टोचायचा म्हणे.

कुंडीतली_शेती

पिवळीची ओळख पटली, आता लावायचं बघू. मी खारघरला टेरेसवर काटेकोरांटी आणि निळी दोन्ही वाढवते.

बी पेरून छान येतं. फुलं सरली की बोंडं वाळून तपकिरी होतात, तेव्हा काढा. पिवळीच्या बोंडाला चोच असते, आत दोनच बिया, निळीच्यात चारपर्यंत. बोंडं कागदी पिशवीत ठेवून पिशवीचं तोंड बांधा, उघड्या ताटलीत अजिबात नको. वाळकं बोंड तडकलं की आतल्या आकड्यासारख्या देठांनी बी लांब फेकलं जातं आणि मग फरशीवर शोधत बसायचं. बोंडाला पाणी लागलं की हमखास तडकतं, पोरांना दाखवायला मजा येते. बी भिजलं की त्यावरची लव बुळबुळीत होऊन मातीला चिकटते, म्हणून पेरल्यावर जोराने पाणी मारू नका, फवारा द्या.

छाट कलमं पावसाच्या सुरुवातीला लावा, तेव्हा पटकन धरतात. ऊन पाहिजे. भिंतीची सावली दिवसभर पडत असेल तर नुसती पानं वाढतील. फुलं संपली की अर्ध्यावर छाटा, नाहीतर खालून बोडकी होते.

मुलांचं म्हणाल तर मी तरी सायकलींच्या बाजूला काटेकोरांटी लावणार नाही. ते काटे बारीक असले तरी टायरलाही सोडत नाहीत आणि गुडघ्यालाही. भिंतीलगत पिवळी, तिच्यापुढे निळी लावा. निळीच्या फांद्यांना काटे नाहीत, फक्त ती दातेरी आवरणं वाळली की हाताला बोचतात. दोन्हींवर भिरभिऱ्या फुलपाखरांच्या अळ्या येतात, पानं कुरतडलेली दिसली की कमिटीतलं कोणी औषध मारायला धावेल. त्यांना आधीच सांगून ठेवा. ओवळेकर वाडीच्या फुलपाखरू उद्यानात रविवारी जाऊन या, कुठल्या झाडावर कोण येतं ते तिथे दिसेल.

दंतमंजन

हीच ना ती वज्रदंती? मग काड्या दातांना वापरता येतील. आमच्याकडे पाला चावायचे.

कुंडीतली_शेती

वज्रदंती म्हणतात ती हीच, आणि आयुर्वेदातला सहचरही. पण सोसायटीच्या झुडपाचा पाला चावण्याआधी वैद्यांना विचारा, आणि तिथे माळी काय फवारतो तेही.

कोलशेतकरीण

मागे पिवळी, पुढे निळी, ठरलं. निळी नर्सरीतून घेतलीच आहे, तिची कलमं जूनमध्ये करते. मॉरिशसवालीचं काय करू? टाकवत नाही, पैसे दिलेत. कुंडीतच ठेवावी म्हणते.

यंदाच्या मार्गशीर्षात फुलं मिळणार नाहीत हे आईला समजावलंय. तोवर जांभळी नाक्याच्या फुलवाल्यांकडे विचारून बघितलं, तर त्यांनी अबोली पुढे केली. ठाणे, कळवा, ऐरोली भागात कोणाच्या दारात काटेकोरांटी आहे का? मूठभर वाळकी बोंडं मिळाली तरी चालेल, मी घ्यायला येईन.

माजिवड्याची_माई

आमच्या जुन्या घराच्या मागे आहे, विहिरीशेजारी. आता फुलावर आहे, बोंडं वाळायला अजून महिनाभर तरी जाईल. आईंना आत्ताच फुलं हवी असतील तर गुरुवारच्या आधी बुधवारी संध्याकाळी कळ्या काढून ठेवते, सकाळी उमलतात. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पत्ता देते. येताना जाड कापडी पिशवी आणि हातमोजे आणा.

कोलशेतकरीण

माई, व्यनि केलाय! हातमोजे घेऊन येते, आणि आईलाही आणते, ती ऐकणार नाहीच.