टायर बदलायचेत, आवाज न करणारे कोणते घ्यावेत? (सातारा)

मंडळी, मदत हवी आहे.

डिझायर पेट्रोल, २०१८ ची. ५८ हजार किमी झालेत आणि टायर अजून गाडीसोबत आलेलेच. साईज १८५/६५ आर १५. नक्षी थोडी शिल्लक आहे, पण टायरचं वय झालंय, म्हणून पावसाळ्याआधी चारही बदलायचेत.

खरं दुखणं आवाजाचं आहे. दर पंधरा दिवसांनी आण्णांना पुण्याला दवाखान्यात न्यावं लागतं. त्यांच्या कानाला मशीन आहे. ऐंशीच्या पुढे गेलो आणि खडबडीत पट्टा लागला की मागून घूंऽऽ सुरू होतं, आणि मशीन तेच वाढवून कानात ओततं. आनेवाडीचा टोलनाका यायच्या आत आण्णा मशीन काढून खिशात टाकतात. मग शिरवळला चहाला उतरेपर्यंत आमचं बोलणं बंद.

इथल्या एका दुकानदाराने '१९५ टाका, गाडी चिकटून चालते' असं सांगितलं. दुसरा म्हणाला मिशलिन प्रायमसी ४ एसटी शांत आहे, पण बाजू नरम, तुमच्या रस्त्याला टिकणार नाही. आमचं गाव ठोसेघरच्या अलीकडे. गेल्या पावसाळ्यात पुढच्या टायरला बाजूने लिंबाएवढा फुगा आला होता, तेव्हापासून तिथे स्टेपनीच चालवतोय. म्हणून धाकधूक आहे. डोक्यात प्रायमसी, योकोहामा अर्थ-१ आणि अपोलो अल्नॅक ४जी आहेत. वापरलेल्यांनी सांगा. दोन-चार हजार जास्त गेले तरी चालतील, पण आवाज गेला पाहिजे.

प्रतिसाद:
पैसे मोजण्याआधी आवाज टायरचाच आहे का ते बघा. मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगात गाडी हळूच डावी-उजवीकडे झुकवा. एका बाजूला झुकल्यावर घूं वाढलं आणि दुसरीकडे कमी झालं तर चाकाच्या बेअरिंगचा संशय घ्या. तसं नसेल तर मागच्या टायरच्या नक्षीवरून तळहात एकदा पुढून मागे आणि एकदा मागून पुढे फिरवा. एका दिशेला बोटं अडकली तर आवाज टायरचाच.
१९५ च्या नादी लागू नका. रुंद टायर आवाज वाढवतो, मायलेजही खातो. आहे तीच साईज घ्या, ८८ एच (किती वजन आणि वेग पेलतो त्याची खूण) बघून. आणि बाजूवरचे चार आकडे वाचा. ३२२४ म्हणजे २०२४ च्या ३२ व्या आठवड्यातला माल. दीड-दोन वर्षं गोडाऊनमध्ये पडलेला टायर नव्याच्या भावात घेऊ नका.

धागाकर्ता:
आत्ताच बॅटरी घेऊन खाली जाऊन आलो. मागचा डावा टायर: हात एका दिशेने सरळ सरकला, उलटा फिरवला तर बोटं अडकली. अक्षरशः करवत. झुकवून बघायचं सकाळी. हे कशामुळे होतं?

प्रतिसाद:
टायर पुढचे मागे, मागचे पुढे केले होते का कधी? दर आठ-दहा हजाराला करायला हवं. पुढून ओढणाऱ्या गाडीत मागचे टायर नुसते फरफटत येतात. जागा बदलली नाही किंवा अलाइनमेंट बिघडलेली असली की नक्षीचे ठोकळे तिरके झिजतात आणि तेच गुणगुणतात. शॉकअब्सॉर्बरही तपासून घ्या, नाहीतर नवे टायरही वर्षभरात हेच गाणं म्हणतील.

प्रतिसाद:
मी सज्जनगडच्या रस्त्यावर रोज असतो. फुग्याचं खापर नरम बाजूवर फोडू नका. हवा कमी असली की खड्ड्याच्या काठावर टायर रिमखाली चिमटतो आणि आतले दोरे तुटतात. ब्रेक दाबून ठेवूनच खड्ड्यात उतरलात तर आणखी जोरात. खड्ड्याआधी वेग कमी करा आणि ऐनवेळी ब्रेक सोडा. हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना. पंक्चरवाला सवयीने ३८ मारतो, त्याने गाडी आणखी आपटते. तुमच्या कामाला प्रायमसीच घ्या. आणि तो फुगा आलेला टायर स्टेपनीतही ठेवू नका.

धागाकर्ता:
जागा कधीच बदलली नाही, कबूल. आणि फुग्याचा टायर डिकीतच आहे, उद्या काढतो. सकाळी झुकवून बघितलं, आवाज तसाच राहिला, म्हणजे बेअरिंग नाही. मंगळवारी अलाइनमेंट, शॉकअब्सॉर्बर आणि चार प्रायमसी. आण्णांना म्हटलं, आता मशीन काढायचं नाही. म्हणाले, आधी ऐकू दे.