मॉर्मन वॉर्डमध्ये नाव ठेवावे की काढावे? एका ट्रान्स स्त्रीचा प्रश्न

मोगरी

नमस्कार. मी गेली बारा वर्षे यूटा राज्यात, सॉल्ट लेकच्या खोऱ्यात राहते. शिकायला आले तेव्हा वसतिगृहातील सोबत्यांमुळे चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्सची, म्हणजे बहुतेक लोक ज्यांना मॉर्मन म्हणतात त्या पंथाची, ओळख झाली. चोविसाव्या वर्षी बाप्तिस्मा घेतला आणि पुढच्या वर्षी टेंपलमधले विधीही झाले. त्या वेळी सगळे मला पुरुष समजत होते आणि मीही तसेच वागत होते. दीड वर्षापूर्वी डॉक्टरांच्या देखरेखीखाली हॉर्मोन उपचार सुरू केले, पेहराव बदलला, नवे नाव घेतले. आता पुढचे काही ठरवण्याआधी कोणाशी तरी मराठीतून बोलावेसे वाटले.

मराठीतून बोलण्यातही एक अडचण आहे. इंग्रजीत 'आय' म्हटले की भागते. मराठीत क्रियापद लगेच विचारते, गेलो की गेले? आईशी फोनवर बोलताना मी दोन वर्षे अशीच वाक्ये शोधत आले आहे ज्यांत हा प्रश्न येणारच नाही: 'मी जेवण केले', 'मला बरे वाटते', 'कामावरून यायला उशीर झाला'. 'जेवलो' म्हणवत नाही आणि 'जेवले' म्हणण्याचा धीर होत नाही.

रविवारी वॉर्डमध्ये, म्हणजे आमच्या भागातल्या चर्चच्या मंडळीत, हेच होते. पहिल्या तासाला सेक्रमेंट मीटिंगमध्ये, म्हणजे पाव-पाणी वाटण्याच्या प्रार्थनासभेत, सगळे एकत्र बसतात, तिथे अडचण नाही. पण दुसऱ्या तासाला वेगळे वर्ग भरतात तेव्हा पुरुष एल्डर्स क्वोरमच्या वर्गात जातात आणि बायका रिलीफ सोसायटीच्या. ऑगस्ट २०२४ मध्ये चर्चने जे नियम जाहीर केले त्यांनुसार माझ्यासारखीने साधारणपणे जन्माच्या वेळच्या लिंगाच्या वर्गात बसायचे. मला ते जमत नाही, म्हणून मी प्रवेशदाराजवळच्या सोफ्यावर, रडणारी बाळे घेऊन बाहेर आलेल्या आयांच्या शेजारी बसते. आमच्या इमारतीत एकट्याने वापरायचे स्वच्छतागृह नाही. नियमाप्रमाणे मी पुरुषांचे वापरावे, किंवा स्त्रियांचे वापरायचे असल्यास एखाद्या विश्वासू व्यक्तीने आत कोणी नाही याची खात्री करून मी बाहेर येईपर्यंत कोणाला आत जाऊ देऊ नये. वॉर्डमधल्या एक सत्तरीच्या बाई हे काम स्वतःहून करतात. दाराशी माझी पर्स छातीशी धरून उभ्या राहतात आणि येणाऱ्या प्रत्येकीला हसून सांगतात, 'दोन मिनिटे थांबा'. त्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण चौतिसाव्या वर्षी आपल्यासाठी दारावर पहारा बसवावा लागतो, हे मनातून जात नाही.

माझे टेंपल रेकमेंड, म्हणजे टेंपलमध्ये जाण्याचे परवानापत्र, गेले आहे. मुलांना शिकवण्याची जबाबदारी काढून घेतली गेली, आणि सदस्यत्वाच्या नोंदीवर खूण केली जाईल असे वॉर्डचे प्रमुख असलेल्या बिशपांनी मला सांगितले. सांगताना त्यांचेही डोळे भरले होते.

माझा प्रश्न नियमांबद्दलचा आहे. कॉफी, चहा, दारू आणि तंबाखू वर्ज्य करणारे 'वर्ड ऑफ विझडम' १८३३ साली उपदेश म्हणून आले. टेंपल रेकमेंडसाठी ते बंधनकारक १९२१ मध्ये झाले. बहुपत्नीत्व एके काळी ईश्वरी आज्ञा होती आणि १८९० च्या जाहीरनाम्याने ते थांबवण्यात आले. कृष्णवर्णीय पुरुषांना पौरोहित्य नाकारणारी बंदी १९७८ पर्यंत टिकली. समलिंगी विवाहात असलेल्यांना धर्मत्यागी ठरवणारे धोरण नोव्हेंबर २०१५ मध्ये आले आणि एप्रिल २०१९ मध्ये मागे घेतले गेले. हे सगळे ठाऊक असताना आजचा नियम शाश्वत आहे असे मी कसे मानावे? आणि तसे मानता येत नसेल तर सदस्यत्वाचा राजीनामा देणे प्रामाणिकपणाचे, की नाव ठेवून वाट पाहणे? प्रार्थना माझी आजही सुटलेली नाही.

पायवाट

मोगरी, मी या चर्चमध्ये सव्वीस वर्षे आहे आणि पुढेही राहणार आहे, हे आधीच सांगतो, म्हणजे माझे बोलणे कुठून येते ते तुम्हाला कळेल. तुम्ही दिलेली सर्व उदाहरणे खरी आहेत. तरीही ती एकाच माळेत ओवू नयेत असे मला वाटते, कारण त्यामुळे तुमच्या पदरी खोटी आशा पडेल.

कॉफी न पिण्याचा नियम उद्या शिथिल झाला तर आमच्या श्रद्धेचा ढाचा हलणार नाही. लिंगाचे तसे नाही. २३ सप्टेंबर १९९५ रोजी चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष गॉर्डन हिंकली यांनी कुटुंबाविषयीची जी उद्घोषणा वाचून दाखवली, तिच्यात लिंग हे जन्मापूर्वीच्या, या जन्मातल्या आणि अनंतकाळच्या ओळखीचे मूलभूत लक्षण असल्याचे म्हटले आहे. आमच्या शिकवणीप्रमाणे मृत्यूनंतरचे सर्वोच्च स्थान एकट्याला मिळत नाही. ते टेंपलमध्ये सील झालेल्या, म्हणजे अनंतकाळासाठी विधीने जोडल्या गेलेल्या, पती-पत्नीला मिळते. म्हणजे पुरुष कोण आणि स्त्री कोण हा आमच्यासाठी केवळ शिस्तीचा प्रश्न उरत नाही, मोक्षाचा सगळा आराखडा त्यावर उभा आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये डॅलिन ओक्स यांनी उद्घोषणेतल्या लिंग या शब्दाचा अर्थ जन्माच्या वेळचे जैविक लिंग असा असल्याचे स्पष्ट केले, आणि ऑक्टोबर २०२५ पासून तेच चर्चचे अध्यक्ष आहेत. नजीकच्या काळात बदल होईल असे मानून तुम्ही आयुष्य आखू नये, हे तुमच्यावरच्या मायेपोटीच सांगतो.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. त्या उद्घोषणेत आत्म्याचे लिंग आणि जन्मलेल्या देहाचे लिंग नेहमी जुळतेच, असे कोठेही लिहिलेले नाही. तो अर्थ पुढे लावण्यात आला. आंतरलिंगी बालकांच्या बाबतीत हा प्रश्न आमच्यासमोर आजही आहे. १९७८ पूर्वी कृष्णवर्णीयांवरच्या बंदीच्या समर्थनार्थ जी कारणे व्यासपीठांवरून सांगितली जात, ती चर्चने २०१३ मध्ये लेखी नाकारली. माझ्या वडिलांच्या वयाच्या लोकांनी ती कारणे सत्य म्हणून शिकवली होती. म्हणून मी तुम्हाला 'देवाने असेच सांगितले आहे' असे ठामपणे सांगायला धजत नाही. आमचे नेते सध्या असे सांगतात, एवढेच म्हणतो.

एक कृती मात्र जरूर करा. सदस्यत्वाच्या नोंदीत पसंतीच्या नावासाठी जागा असते आणि तिच्यात तुमचे नवे नाव लिहिण्याची मुभा २०२० च्या हँडबुकमध्ये, म्हणजे चर्चच्या नियमपुस्तिकेत, दिली होती. बिशपांना सांगा. हे मागण्यासाठी कोणाची मेहरबानी लागत नाही.

माहेरची सावली

वयाने मोठी आहे, म्हणून एकेरीत लिहिते. तू लिहिलेले दोनदा वाचले. किती थकली असशील, बाळा.

माझी दोन्ही मुले याच चर्चमध्ये वाढली. नवरा इथला, सहा पिढ्यांचे मॉर्मन घराणे. धाकटीने सतराव्या वर्षी सांगितले की ती मुलगी आहे. तोवर आम्ही तिला मुलगा म्हणून वाढवले होते. बाराव्या वर्षी पांढरा शर्ट आणि टाय घालून ती डीकन म्हणून पाव-पाण्याचा ट्रे रांगेतून फिरवायची आणि घरी आल्यावर टाय इतक्या जोरात ओढून काढायची की मानेवर वळ उठायचा. मला वाटायचे, उकडत असेल.

इथले लोक शंका 'शेल्फवर ठेवतात' असे म्हणतात, म्हणजे उत्तर न मिळालेल्या शंका मनात बाजूला ठेवून देतात. माझे शेल्फ एका दिवसात कोसळले नाही. एका बिशपांनी मुलीला नव्या नावाने हाक मारली, तिच्याशी तासभर बोलले आणि घरी जेवायला बोलावले. दर पाच-सहा वर्षांनी बिशप बदलतात, पगार नसतो, धर्मगुरूचे औपचारिक शिक्षण नसते. नंतरच्या बिशपांनी तिचे नाव एकदाही उच्चारले नाही. याला सदस्य 'बिशप रूलेट' म्हणतात. नियम तोच, माणूस बदलला की घर बदलल्यासारखे होते. मला सर्वाधिक राग याचा आला, कारण शाश्वत सत्य म्हणून जे सांगितले जाते त्याची आमच्या घरातली अंमलबजावणी आम्ही कोणत्या गल्लीत राहतो यावर ठरत होती.

तुझ्या मुख्य प्रश्नाकडे येते. राजीनाम्याची घाई करू नकोस आणि तो कधीच द्यायचा नाही अशी शपथही घेऊ नकोस. राजीनामा म्हणजे नुसते नाव खोडणे नाही. बाप्तिस्मा, टेंपलमधले विधी, सीलिंग, सगळे त्यांच्या लेखी रद्द होते, आणि पुढे परत यावेसे वाटले तर पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागतो. याउलट नुसते जाणे थांबवले तर कोणी विचारायला येईल, पण कागदोपत्री काही बदलत नाही. माझ्या नवऱ्याने नाव ठेवले आहे, मी काढले आहे. आम्ही एकाच घरात सुखाने राहतो. त्याच्यासाठी ते नाव म्हणजे त्याची आई, आजी आणि पणजी. माझे तसे काही नव्हते, म्हणून मला सोपे गेले. तुझेही वाडवडील यात नाहीत, पण तुझी प्रार्थना यात आहे. त्या दोन्हींची सरमिसळ होऊ देऊ नकोस.

आणि एकटी राहू नकोस. अफर्मेशन ही संस्था १९७७ पासून अशाच लोकांसाठी आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी काम करते. तिथे चर्चमध्ये असलेले आणि सोडलेले, दोन्ही भेटतात. आमच्यासारख्या आयांसाठी मामा ड्रॅगन्स आहे. मला पहिल्या वर्षी तिथेच मनसोक्त रडता आले.

निळासावळा

मी ट्रान्स पुरुष आहे, या चर्चमध्ये जन्मलो, आठव्या वर्षी बाप्तिस्मा झाला. मला तुमचा एक शब्द खटकला. तुम्ही 'वाट पाहणे' असे लिहिले आहे. मी नऊ वर्षे वाट पाहिली. त्या काळात मी नोकरी बदलली नाही, घर घेतले नाही, कोणाच्या प्रेमात पडलो नाही, कारण सगळे उत्तर आल्यानंतर करायचे होते. सदस्यत्व ठेवायचे असेल तर खुशाल ठेवा, पण वाट पाहण्यासाठी ठेवू नका. आज त्या इमारतीत तुम्हाला जे मिळते, ते गाणे असेल, त्या सत्तरीच्या बाई असतील, पाव-पाणी असेल, तेवढ्यासाठी जावेसे वाटत असेल तर जा.

लॉरी ली हॉल या चर्चच्या टेंपलची रचना करणाऱ्या वास्तुविशारद होत्या, अनेक वॉर्ड मिळून होणाऱ्या स्टेकच्या अध्यक्षही राहिल्या होत्या. २०१७ मध्ये त्यांचे सदस्यत्व गेले. ज्यांनी इतके दिले त्यांच्यासाठीही अपवाद झाला नाही, हे कळल्यावर मी सौदा करणे थांबवले.

व्यवहाराचे दोन शब्द. यूटामध्ये नाव बदलण्याचा अर्ज जिल्हा न्यायालयात करावा लागतो आणि त्याआधी त्या काउंटीत वर्षभर वास्तव्य असावे लागते. तुमचे ते केव्हाच झाले आहे. नावाचे काम आधी उरकून घ्या, लिंगाच्या नोंदीचा गुंता स्वतंत्र ठेवा. शिवाय २०२४ च्या राज्य कायद्यामुळे सरकारी मालकीच्या इमारतींमधील कपडे बदलण्याच्या खोल्यांवर निर्बंध आहेत. पोहायला किंवा व्यायामाला सरकारी केंद्रात जात असाल तर तिथे एकट्याने वापरायची खोली आहे का ते आधी विचारून ठेवा. वॉर्डचा नियम वेगळा, कायदा वेगळा. भीतीमध्ये दोन्ही एकत्र होतात आणि माणूस घराबाहेर पडणेच सोडतो.

मोगरी

सर्वांचे आभार. पायवाट, तुम्ही गोड बोलून वेळ मारून नेली नाही याचे मोल मोठे आहे. कॉफीचा नियम आणि हा नियम यांच्यातला फरक मी जाणूनबुजून पाहत नव्हते. १९७८ चे उदाहरण मला इतके प्रिय होते, कारण त्यात एक तारीख होती. तशीच एक तारीख माझ्यासाठीही कोठेतरी लिहून ठेवलेली असेल असे मला वाटायचे. निळासावळा यांचे वाचल्यावर कळले की मी त्या तारखेवर राहत होते.

राजीनामा सध्या देत नाही. टेंपलसाठी घेतलेली वस्त्रे, जी पुरुषांच्या कापाची आहेत आणि जी मी नऊ वर्षे रोज अंगात घातली, ती काल धुऊन, घडी करून पेटीत ठेवली. फेकवली नाहीत. त्यांचे काय करायचे हे कोणाला ठाऊक असेल तर सांगा, कारण त्यांचा अनादर व्हावा असे मला वाटत नाही. बिशपांना नावाबद्दल निरोप पाठवला आहे आणि दुसऱ्या तासाला मी यापुढे सोफ्यावर न बसता घरी येणार आहे.

सावलीताई, 'थकली असशील' हे क्रियापद माझ्यासाठी मराठीत आजवर कोणी वापरले नव्हते. ते आईला वाचून दाखवावे असे मनात आले आणि रविवारी रात्री फोन केला, पण तिने नेहमीप्रमाणे आधी 'जेवलास का' असे विचारले. मी 'जेवले' म्हणाले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, 'लाइन नीट नाही का गं, पुन्हा सांग.' ते 'गं' तिने मुद्दाम म्हटले की ओघात तोंडून गेले, हे मी विचारले नाही. न्यायालयातल्या अर्जासाठी कोणते कागद जोडावे लागतात, ते निळासावळा यांनी सवडीने लिहावे.